तळपायांचं ऊन

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको टीव्हीसमोर बसून गवारीच्या शेंगा मोडत होतो. मे महिना, अकोल्याचं ऊन. दार लोटलेलं. खिडकीतला कूलर घरघरत होता, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा केला होता. ताट तिच्या मांडीवर आणि शिरा टाकायला माझ्यापुढे पेपर. दुपारी तिची मालिका नसते. ती बटन दाबत दाबत गेली आणि एका पक्ष्यावर येऊन थांबली.

पेंग्विन. तो मला ओळखू येतो, नातीच्या पुस्तकात पाहिला होता. माणसासारखा उभा चालतो, वरून काळा, पोटाकडून पांढरा. पण पुस्तकात तो बर्फावर होता. इथं तो काळ्या, भाजून निघालेल्या दगडावर उभा होता आणि मागे निवडुंग.

मी म्हणालो, "हे खोटं हाय. कुठून तरी आणून सोडला असंन."

"गप बसा जी. सांगून राहिला ना थो."

सांगणारा हिंदीत सांगत होता. हा पक्षी मूळचा पार दक्षिणेकडचा, थंड समुद्राचा. तिकडून थंड पाण्याची एक धार वर येते. त्या धारेतल्या मासळीच्या मागे मागे याचे पूर्वज फार जुन्या काळी या बेटांवर आले. बेटं ज्वालामुखीच्या दगडाची, सूर्य बरोबर डोक्यावर. आले आणि राहिले. वापस गेलेच नाहीत.

"कोण आणलं म्हणते याले?" तिनं विचारलं. तिला हिंदी समजतं, पण कूलरच्या आवाजात अर्धं सुटतं.

"कोणी नाई. सोताच आला, पाण्यासंगं."

"बरा हाय. मले तं यष्टीत बसवून आणलं. इचारलंबी नाई."

ते ती दर उन्हाळ्यात एकदा बोलतेच.

मग तो पक्षी जरासा पुढे वाकला आणि त्यानं दोन्ही पंख पुढे धरले. ताट घेऊन कोणी वाढायला उभं राहावं तसा. बराच वेळ तसाच उभा. सांगणारा म्हणाला, याच्या पायांवर पिसं नसतात, उन्हानं पाय भाजतात, म्हणून हा आपल्याच पंखांची सावली आपल्या पायांवर धरतो.

तिच्या हातातली शेंग अर्धी मोडून राहिली.

"पाह्यलं?"

"काय?"

"कुठं सावली धरून राहिला थो? डोक्यावर? पायावर. शेहेचाळीस वर्स झाले मी सांगून राहिली, ऊन तळपायानं चढते. माहं तं नाई ऐकलं. आता टीव्हीवाल्याचं ऐका."

मी म्हणालो, "त्याले दुपट्टा बांधता येत नाई, म्हणून."

ती इतकी हसली की ताट कलंडलं. शेंगा फरशीवर पडल्या. त्या मीच वेचल्या, तिला खाली वाकता येत नव्हतं. गुडघे गेले होते.

हे भांडण आमच्या लग्नाइतकंच जुनं. आमच्या वऱ्हाडात ऊन कानातून लागतं असं मानतात. कानाला दुपट्टा बांधा, खिशात कांदा ठेवा, मग कुठं जायचं ते जा. मीही जन्मभर तेच केलं. तिचं म्हणणं वेगळं. ती म्हणायची, कान झाकून पाहा आणि अनवाणी चालून पाहा, कुठून चढतं ते कळेल.

ती चिखलदऱ्याची. म्हटलं तर शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातली, पण हवा दुसऱ्या मुलखाची. मे महिन्यात पांघरूण लागतं तिथं. तिचा बाप एका बंगल्याच्या बगीच्यात माळीकाम करायचा. आम्हीही माळी. अकोल्याच्या बाहेर दोन एकर ओलिताचं वावर, त्यात भाजीपाला. माझ्या बापाला म्हणे कोणी सांगितलं, वर एका माळ्याची पोरगी आहे, तिच्या हाताचं रोप मरत नाही. बाप जाऊन पाहून आला. मी तिला लग्नातच पाहिलं.

लग्न वैशाखात. दुसऱ्या दिवशी यष्टीनं खाली उतरलो. परतवाडा गेला आणि खिडकीतून झळ तोंडावर आली. तिनं शेजारच्या बाईला हळूच विचारलं, "कुठं जळून राहिलं व काही?" ती बाई म्हणाली, "कुठंच नाई व माय. हे असंच असते." हे तिनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. तेव्हा मी लय हसलो होतो. आता सांगायला कोणी नाही, आणि हसूही येत नाही.

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी नवी सून सापडेना. सगळं घर धुंडाळलं. माझी माय, म्हणजे बुढी, वावरात गेली तर ही वांग्याच्या ओळीत बसलेली. अंगावर लग्नाचं लुगडं, पदर डोक्यावर आणि दोन्ही पाय पाटाच्या पाण्यात. बुढी तिथूनच ओरडली, "सून आणली का म्हैस आणली रे?" आजूबाजूच्या वावरातली माणसं हसली. मीही हसलो. नवा नवरा होतो, हसलो नसतो तर मलाच हसले असते.

त्याच उन्हाळ्यात तिला ऊन लागलं. चुलीपुढून उठली आणि तिथंच पडली. बुढी तोंडानं तिखट, पण अशा वेळी हात चालायचा तिचा. तिनं कैरीचं पन्हं पाजलं आणि काशाची वाटी काढली. काशाची वाटी जड असते, रंगानं पितळेपेक्षा फिकट. तळपायाला गाईचं तूप लावायचं आणि वाटीचं बूड त्यावर गोल गोल फिरवत राहायचं. थोड्या वेळानं तूप काळं पडतं. ते काळं म्हणजे अंगातली उष्णता, वाटीनं ओढून काढलेली. आमच्याकडे सगळेच मानतात. तिला त्यानं बरं वाटलं. उठून बसली.

मग आठ-दहा दिवसांनी पुन्हा तिचे पाय भगभगायला लागले. बुढी बाजारात गेली होती. घरी मी एकटा. मी वाटी घेतली, तूप घेतलं आणि तिच्या पायाशी बसलो. ती पाय ओढून घ्यायला लागली. मी म्हणालो, कोण पाहून राहिलं? आणि तेवढ्यात बुढी दारात. डोक्यावरची टोपली तिनं खाली ठेवली नाही, आधी माझ्या हातातली वाटी हिसकली.

"बायकोच्या पायाले हात लावते? तुले काई नाई होत. पाप तिच्या माथी जाते, तिच्या!"

आमच्या घरात नवरा बायकोच्या पायाला हात लावत नाही. तसं पाहिलं तर कोणत्याच घरात लावत नसत. बायकोनं सणावाराला पाया पडायचं, नवऱ्यानं उभं राहायचं. मी वाटी सोडून दिली ती शेहेचाळीस वर्षं पुन्हा हातात घेतली नाही. भांडी घासून ठेवतानाही नाही.

पहिले दोन-तीन उन्हाळे तिचे वाईट गेले. नाकातून रक्त यायचं, अंगभर घामोळं, भाकर घशाखाली उतरायची नाही. मला वाटायचं ही टिकत नाही, माहेरी जाते. गेली नाही. पाठवली असती तर गेली असती, पण उन्हाळ्यात भाजीच्या वावरातून बाईमाणूस सोडतं कोण? उन्हाळ्यातच तर काम.

ती आपली आपणच लागत गेली. आमच्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, पहाटे उपटून जुड्या बांधतात आणि ओल्या पोत्याखाली ठेवतात. त्यानं ती बाजार उठेपर्यंत टवटवीत राहते. हिनं ते पाहिलं आणि पोत्याचे दोन तुकडे फाडले. भिजवले, पायांना गुंडाळले, वरून सुतळीनं बांधले आणि त्यावर भर दुपारी वावरात चालायला लागली. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणारे म्हणायचे, "पाहा रे, सांबाराची जुडी चालली!" ती उलटून म्हणायची, "हो, अन् तुमी सुकली मेथी!" दोन वर्षांनी त्याच लोकांच्या बायका पोत्याचे तुकडे बांधून गवत निंदायला यायला लागल्या. कबूल कोणीच केलं नाही. मी तर नाहीच नाही.

विहिरीच्या पायऱ्याही तिनंच शोधल्या. आमची विहीर जुनी, आत उतरायला दगडी पायऱ्या. सात-आठ पायऱ्या उतरलं की बाजूला दगड निखळून एक कपार झाली होती. आत ऊन कधीच पोचत नाही. पोरगी झाली तेव्हा तिला घेऊन ही दुपारभर त्या कपारीत बसायची. बुढी काठावरून शिव्या द्यायची, लेकरू पाण्यात पाडशील म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात बुढीही तिच्या बाजूला जाऊन बसली. दोघी खाली गप्पा मारायच्या आणि मी वर उन्हात दुपट्टा बांधून वाफे ओढायचो. आवाज वर यायचा, बोलणं समजायचं नाही.

त्या टीव्हीवरच्या पक्ष्याचंही तसंच होतं. तो अंडी घालतो तेही दगडाच्या भेगीत, जिथं ऊन जात नाही. दिवसा पाण्यात राहतो, ऊन उतरलं की जमिनीवर येतो. तोंड उघडून कुत्र्यासारखा धापा टाकतो. त्याच्या तोंडाजवळ थोडी जागा पिसांवाचून उघडी असते, तिथून उष्णता बाहेर जाते म्हणे. त्याच्या बर्फातल्या भावकीपेक्षा अंगानंही तो लहान. मी हे सगळं ऐकत होतो आणि मला दुसरंच दिसत होतं. पण ते बोलायची सवय नाही मला. मी शेंगा मोडत राहिलो.

ती म्हणाली, "आता त्याले वापस बरफात नेलं तं?"

"काय होते? त्याचंच घर हाय."

"मरन थो. मी नाई का गेली होती दिवाळीत?"

तेही खरं. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाल्यावर एका दिवाळीत ती आठ दिवसांसाठी माहेरी गेली आणि चौथ्या दिवशी वापस आली. थंडी सोसवत नव्हती. दोन गोधड्यांत कुडकुडत बसली होती आणि भावजय म्हणाली, "काय व, अकोल्याची झाली पुरी!" ती वापस आली तेव्हा मी चिडवलं. ती त्या दिवशी जेवली नाही, रडत राहिली. मला तेव्हा कळलं नाही यात रडण्यासारखं काय आहे. आता वाटतं, वर गेलं तर थंडी लागते आणि खाली ऊन लागतं, असं कोणाचं झालं तर त्यानं राहायचं कुठं?

पण राहिली. आणि नुसती राहिली नाही, आम्हाला सगळ्यांना तिनंच उन्हातून काढलं. बुढीचे हात थकले तेव्हा ती वाटी तिच्याकडे आली. उन्हाळा लागला की संध्याकाळी दारात पोतं टाकून ती बसायची. आधी बुढीचे तळपाय, मग माझे, मग पोरीचे. बुढी गेली तेव्हापासून आधी माझे. मी पाय लांब करून बसायचो आणि वरून तोंड चालवायचो.

"काळं वाटीचंच असते. धातूचं असते थे. उष्णता काय डोयानं दिसते?"

"मंग ताटं घासतानी काहून नाई निंगत काळं?"

"ताट काशाचं असते का?"

"तुमाले सगळं ठाऊक. चौथी पास माणूस. पाय हालवू नका."

तिचे तळपाय कोण घासणार? पोरगी मोठी झाली तेव्हा ती घासून द्यायची. पोरगी लग्न होऊन अमरावतीला गेली, तेव्हापासून कोणी नाही. मग ही स्वतःच पाय आडवा मांडीवर घेऊन घासायची. मी समोर बसलेला असायचो. पाहायचो. मागच्या दोन वर्षांपासून गुडघा वाकेना, तर तेही बंद झालं. पाय बादलीत टाकून बसायची. मला काही म्हणाली नाही. मलाही सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, सुचलं होतं. पण एकदा न लावलेला हात मग लावता येत नाही. बुढी जाऊन वीस वर्षं झाली तरी ती दारातच उभी होती, डोक्यावर टोपली घेऊन.

टीव्हीवर तो माणूस सांगत होता की ती थंड धार सगळ्या वर्षी सारखी येत नाही. एखाद्या वर्षी समुद्रच तापतो. मग मासळी नाही, आणि मासळी नाही तर हे पक्षी अंडी सोडून निघून जातात.

"अंडे सोडून?" तिचा हात थांबला.

"मंग काय करन? उपाशी मरन?"

"पण जोडी नाई सोडत. आताच सांगतलं त्यानं. एकजण पाण्यात जाते, दुसरा घर धरून बसते."

"हो."

"अन् जो गेला थो वापस नाईच आला तं?"

मी म्हणालो, "मंग बसणारा उठते. दुसरं काय?"

बरोबरच होतं ते. आजही मला त्याला दुसरं उत्तर माहीत नाही.

पडद्यावर दोन पक्षी एकमेकांच्या तोंडाजवळचं पीस न् पीस चोचीनं साफ करत होते. एवढ्यात लाइन गेली. टीव्ही बंद, कूलर बंद. घर एकदम गप्प झालं. लाइन गेली की आम्ही दार उघडतो, तसं मी उठून दार उघडलं. रस्त्यावरची झळ आत आली. वापस येऊन बसलो तर ती माझ्याकडे पाहत होती.

"ऐका ना."

"काय?"

"माह्ये तळपाय आज लय आग करून राहिले. वाटी आणते. जरा घासून द्या."

"म्यां?"

"मंग कोणाले सांगू? पेंगवीनले?"

"दार उघडं हाय."

"तं लोटा."

"गरमी होते. बाया येतात-जातात गल्लीतून. काय म्हणतीन?"

"म्हणतीन, बुढा चांगला हाय. अवो, तुमच्या मायले जाऊन वीस वर्स झाले. कोणाले भेता?"

"भेत नाई कोणाले. आता नको. उद्या सकाळी घासून देतो."

तिनं ताटातली शेवटची शेंग मोडली. मग म्हणाली, "सकाळी तं गारच असतात पाय."

"उद्या म्हणलं ना."

"बरं. उद्या."

त्या 'बरं'मध्ये राग नव्हता. रागानं बोलली असती तर मी दार लोटलं असतं. ती भिंतीला धरून उठली, ताट आत नेऊन ठेवलं, मोरीत पायांवर दोन तांबे पाणी घेतलं आणि मधल्या खोलीत फरशीवर आडवी झाली. मी तिथंच खुर्चीत डोळे मिटले.

पाच वाजता ती चहा ठेवते. भांड्याचा आवाज येतो, मी उठतो. त्या दिवशी आवाज आला नाही, तरी उठलो. लाइन आली होती आणि कूलर कोणासाठीच चालू नसल्यासारखा चालू होता. मधल्या खोलीत गेलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, सगळी घामानं भिजलेली, हात छातीवर.

"जीव घाबरून राहिला," एवढंच म्हणाली.

शेजाऱ्याचा ऑटो होता. त्यात घातलं. रस्त्यात तिनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. दवाखान्यात डॉक्टरनं पाहिलं आणि मला बाजूला नेलं. हृदय बंद पडलं म्हणाला, तुम्ही पोचायच्या आधीच. पोरगा चांगला होता, वयानं माझ्या नातवासारखा. मी त्याला विचारलं, "तळपायातून होते का असं?" त्याला प्रश्न समजला नाही. तो म्हणाला, "काका, बसा तुम्ही."

दिवेलागणीच्या आत तिला घरी आणलं. कोणी म्हणालं हृदय, कोणी म्हणालं ऊनच लागलं. पोरगी अमरावतीहून निघाली होती, ती आठ वाजेपर्यंत आली. पण माझ्या बायकोचे भाऊ चिखलदऱ्याचे, घाट उतरून त्यांना पोचायला सकाळ होणार. बहिणीचं तोंड पाहिल्याशिवाय कसं न्यायचं? सकाळी न्यायचं ठरलं. मे महिन्यात अकोल्यात सकाळपर्यंत ठेवायचं म्हणजे दुसरा उपाय नाही. कोणी तरी जाऊन बर्फाच्या लाद्या घेऊन आलं. बैठकीत टीव्ही सरकवला, खाली लाकडाचा भुसा टाकला, त्यावर लाद्या मांडल्या आणि त्यावर तिला ठेवलं.

"मरन थो," असं ती दुपारी म्हणाली होती. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. पोरगी विचारत होती, बाबा पाणी घेता का. रात्रीचं आणखी काही सांगण्यासारखं नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं भाऊ आले. बायांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. ती माझ्याआधी गेली, म्हणजे सवाष्ण गेली. अशी बाई आमच्याकडे भाग्याची मानतात. गल्लीतल्या बाया एकेक करून आल्या, हळदकुंकू वाहिलं, तिच्या पायांवर डोकं ठेवून गेल्या. जिला कधी कोणी नीट विचारलं नाही तिच्या पायाला सगळी गल्ली हात लावत होती. ज्यानं उद्या म्हणून सांगितलं होतं तो मी कोपऱ्यात उभा होतो.

बाहेर तिरडी बांधून झाली होती. माणसं म्हणाली, चला, ऊन चढून राहिलं.

मी आत गेलो. ओट्यावर झाकलेल्या ताटात मोडलेली गवार तशीच होती, सुकून वेडीवाकडी झालेली. तुपाच्या डब्यामागे वाटी होती. ती घेतली, डबा घेतला. बाहेर येऊन तिच्या पायाशी खाली बसलो. बसताना माझेही गुडघे वाजले.

नात्यातली एक म्हातारी तिथं होती. ती म्हणाली, "हे काय करून राहिले भाऊ? बायकोच्या पायाले हात नसते लावत."

"ठाऊक हाय."

"पाप तिच्या माथी जाते नं, बापा!"

"जाऊ द्या. तिले आता काय होते?"

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. तिचा मोठा भाऊ दारातून आत आला आणि तिथंच थांबला. पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या हाताला हात लावला.

"बाबा, रातभर बरफावर होती आई. पाय गारठून गेले तिचे. कशाले?"

मी म्हणालो, "काल सांगतलं होतं तिनं. मी उद्या म्हणलं होतं."

पोरीनं हात काढून घेतला. मग म्हातारीला म्हणाली, "करू द्या, आजी. बाबाले करू द्या."

मी उजवा पाय मांडीवर घेतला. इतका थंड की माझाच हात बधिर झाला. वरच्या बाजूला बायांनी वाहिलेलं हळदकुंकू होतं, ते पुसू दिलं नाही. टाचेला भेगा होत्या आणि भेगांत काळी माती. वावर पुतण्याकडे देऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती, आंघोळ घालून झाली होती, तरी माती होती. बोटाखालच्या फुगीर जागी एक जुना घाव होता, विळ्याचा असावा. मला तो माहीत नव्हता. शेहेचाळीस वर्षांत मी तिचा तळपाय इतक्या जवळून पाहिलाच नव्हता. पोरीकडे पाहिलं तर तिनं मान हलवली. तिला माहीत होता.

तूप लावलं. थंडीनं ते पातळ होईना, पायावर गोळ्यासारखं बसलं. मी हातानं चोळलं आणि वाटी फिरवायला लागलो, ती फिरवायची तशी, टाचेकडून बोटांकडे, गोल गोल. पहिल्यांदाच करत होतो, हात नीट पडत नव्हता. दारातून ऊन आत सरकत बर्फाच्या पाण्यापर्यंत आलं होतं.

थोड्या वेळानं तूप काळं पडलं.

मी वाटी उचलून बूड पाहिलं. काळं. पाय पाहिला. काळा. रात्रभर बर्फावर ठेवलेल्या पायात उष्णता कुठली? म्हणजे ते काळं वाटीचंच असतं. मी म्हणत होतो तेच खरं होतं. ताटाचं, धातूचं, सगळं. मी वर पाहिलं, आणि ज्याला सांगायचं ते माणूस खाली होतं.

काळं तूप माझ्या दुपट्ट्यानं पुसलं. मग तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला आणि डब्यातून आणखी तूप काढलं.